लोखंड बाहेर ठेवून आत या

आमच्या कारखान्याच्या दारात कोयत्यांचा ढीग पडलेला असायचा. देवळाच्या पायरीशी चपला असतात तसा. आतली माणसं आजूबाजूच्या वाड्यांमधली, सकाळी बागेत हात मारून थेट कामावर येणारी, आणि कोकणातला माणूस कंबरेला कोयती न लावता घराबाहेर पडला तर त्याला उघडं पडल्यासारखं वाटतं. ते कोयते उतरवून घेणं हे माझं काम. माझी पदवी रसायनशास्त्राची, हुद्दा प्रयोगशाळाप्रमुखाचा. पण माणसं मला ‘चुंबकबाई’ म्हणायची, कारण माझ्या हातात सदैव एक चुंबक असे आणि तो मी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावरून फिरवत असे.

आम्ही काय बनवायचो ते आधी सांगते, कारण मांडवीतल्या माझ्या शेजारणीला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्या मोबाइलच्या किंवा विजेवरच्या स्कूटरच्या बॅटरीत एका बाजूला काळ्या पुडीचा लेप असतो. त्या बाजूला कॅथोड म्हणतात. आमची पूड निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट या तीन धातूंच्या मिश्र ऑक्साइडची, आणि त्यात लिथियम मुरवलेलं. तिन्ही धातूंचे क्षार पाण्यात विरघळवून त्यांचा गाळ पाडायचा, तो धुवायचा, सुकवायचा, लिथियमच्या क्षारात कालवायचा, चिनीमातीच्या चौकोनी ताटांत भरून भट्टीत भाजायचा, मग दळून चाळायचा. थालीपिठाच्या भाजणीची कृती जिला येते तिला हा धंदा निम्मा समजला. एवढं सगळं सांगून झाल्यावर शेजारीण म्हणाली, म्हणजे मंजनच ना, मग दाढ दुखतेय त्यावर चिमूटभर आण की. मी तिला लवंगेचं तेल आणून दिलं. ती अजून माझ्यावर रागावलेली आहे.

या भाजणीचे वैरी दोन. एक दमट हवा. ती लागली की गिऱ्हाइकाकडे लेप लावायच्या आधीच पुडीचा चिखल होतो. दुसरा वैरी लोखंड. लोखंडाचा डोळ्यांना न दिसणारा कणही बॅटरीत गेला की तो विरघळतो, पलीकडच्या बाजूला जाऊन काट्यासारखा वाढतो, मधला पडदा फोडतो आणि बॅटरी पेटते. म्हणून लोखंड नको, ओल नको. आणि मालकांनी कारखाना बांधला कुठे, तर रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. जिथे चार महिने भिंतींना पाणी सुटतं आणि पायाखालचा जांभा दगड लोखंडानेच लाल झालेला असतो. जागा स्वस्त होती आणि बंदर जवळ होतं, असं मला सांगण्यात आलं. दह्याच्या दुकानात मांजर पाळावं तसा हा प्रकार होता, पण मला पगार मांजर हाकायचाच मिळत होता.

दारावर मी पाटी लावली होती: ‘लोखंड बाहेर ठेवून आत या.’ किल्ल्या बाहेर, पट्टे बाहेर, सुटी नाणी बाहेर, कारण हल्लीची नाणी चुंबकाला सरळ चिकटतात. पुरुषांचं लवकर आटपलं. बायकांच्या सेफ्टी पिना आणि केसातले आकडे गेले, मग ब्लाउजच्या हुकांपाशी गाडं अडलं. पॅकिंगमधल्या बायकांनी मला विचारलं की हुक बाहेर ठेवून आत यायचं म्हणजे नेमकं कसं यायचं. शेवटी शहरातल्या एका शिंप्याला गाठून साऱ्यांच्या ब्लाउजांना प्लास्टिकची बटणं लावून घेतली. तो शिंपी मला पुढे कितीतरी दिवस रस्त्यात नमस्कार करायचा.

आमचे प्लांटप्रमुख भोसले साहेब कोल्हापूरचे. माणूस कष्टाळू, प्रामाणिक आणि भित्रा. त्यांनी कुठेतरी वाचलं की माठाच्या भाजीत लोह असतं, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमधून माठ बंद केला. मागोमाग नाचणीची भाकरी गेली. भाजी-भाकरीतलं लोह पोटात जातं, पोटातून पुडीत जात नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. ते म्हणाले, “बाई, तुमचं शास्त्र बरोबर असंल, पण उगाच रिस्क कशाला?” पुढे आम्ही सगळे दुधी खाऊ लागलो.

एवढं करूनही पुडीत लोखंड येतच होतं. ते तपासायची रीत सोपी आहे. बाटलीत पूड आणि पाणी घालायचं, प्लास्टिकचं आवरण असलेला जबरदस्त चुंबक आत सोडायचा, बाटली काही तास फिरवायची आणि चुंबकाला काय चिकटलं ते आम्लात विरघळवून यंत्रावर मोजायचं. आमचे पहिले दोन नमुने एका मोठ्या परदेशी बॅटरीवाल्या गिऱ्हाइकाने याच कारणासाठी परत पाठवले. तिसरा शेवटचा, असं त्यांनी कळवलं. तोही नापास झाला तर भट्टीची लाईन बंद करायची, हे मालकांनी ठरवून टाकलं. भोसले साहेबांनी सगळ्यांना उभं करून फर्मान काढलं की यापुढे जो कोणी आत लोखंड आणील, तो त्याच दिवशी कामावरून बाहेर जाईल.

लाईन बंद पडली तर सगळ्यात मोठा घाव दत्तारामवर बसणार होता. दत्ताराम आमचा भट्टीवाला. पलीकडच्याच गावचा. तरुणपणापासून मुंबईत साच्यांच्या कारखान्यात राबला, गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून झोपला आणि गणपती-शिमग्याला पाहुण्यासारखा घरी आला. आई गेली तेव्हा तो पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बाप आबा गावात एकटा, कोंबड्या पाळून होता. आमची भट्टी पेटली तेव्हा दत्ताराम बायकोला, सुलभाला, घेऊन कायमचा परत आला, आणि आबांनी त्या दिवशी गावभर गूळखोबरं वाटलं होतं. आता लाईन बंद म्हणजे पुन्हा मुंबई. दुसरं काही काम या सड्यावर त्याच्यासाठी नव्हतं.

आबा गावचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. मुलाचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनी जे करायचं तेच केलं: ग्रामदेवतेला कौल लावला. आमच्याकडे देवाच्या अंगावर कळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, आणि उजवी आधी पडली की डावी त्यावरून उत्तर ओळखतात. आबांनी विचारलं, लोखंड माणसाचं की जागेचं? देव म्हणाला, जागेचं. सड्याच्या राखणदाराला न विचारता कारखाना बांधला, म्हणून जमिनीतलं लोखंड वर येतंय. मग उपाय काय, तर वास्तू बांधून घ्यायची. म्हणजे चारी कोपऱ्यांत मंतरलेले चार खिळे ठोकायचे. आणि खिळे कशाचे, तर लोहाराकडून हाताने घडवून घेतलेल्या अस्सल लोखंडाचे.

लोखंड घालवायला लोखंड ठोकायचं, यात काही चुकतंय असं एकाही माणसाला वाटलं नाही. आता एवढ्या तपासणीतून ते खिळे आत कसे गेले? प्रसादाच्या ताटातून. नारळ, फुलं, खडीसाखर, त्याखाली केळीच्या पानात गुंडाळलेले खिळे. वॉचमनने ताटाला नमस्कार केला. प्रसादावरून चुंबक फिरवायचा कोणाला सुचेल? मीसुद्धा फिरवला नसता. रविवारी दुपारी भट्टी थंड होती, मी घरी आमटीभात खाऊन आडवी झाले होते, आणि तिकडे आबा मी स्वच्छ राखलेल्या भट्टीच्या खोलीत डोक्याला टोपी आणि पायांत कापडी मोजे घालून गाऱ्हाणं घालत होते. मोजे घालायचा नियम मात्र सगळ्यांनी पाळला होता.

यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी त्यानंतरच्या मालाचा नमुना काढला, बाटली फिरवली, यंत्रावर लावला, आणि लोखंड जवळजवळ नाहीच. मी पुन्हा केला. पुन्हा नाही. भोसले साहेबांनी तोच तिसरा नमुना म्हणून गिऱ्हाइकाकडे पाठवला, पेढे वाटले आणि हे सगळं माठ बंद केल्यामुळे झालं असं जाहीर केलं. मला पेढा गोड लागेना. लोखंड आपल्या पायाने आलं नव्हतं, तर आपल्या पायाने गेलं कसं? चुंबक घेऊन मी भट्टीच्या खोलीत फिरू लागले, आणि कोपऱ्यात तो हातातून उडी मारून भिंतीला चिकटला.

चारही खिळे सापडल्यावर मी दत्तारामला बोलावलं. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. उलट म्हणाला, “बाई, गुन आला की नाय?” मी भोसले साहेबांकडे गेले. वाटलं होतं आता आकाशपाताळ एक होईल. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “राहू देत.” त्यांनीच काढलेल्या फर्मानाची आठवण करून दिली तर म्हणाले, ते हलणाऱ्या लोखंडासाठी होतं, हे भिंतीत आहे. मग मला हुकूम झाला की खिळ्यांवर पांढरा रंग मारून प्लास्टिकच्या टोप्या बसवा. लोखंडबंदीच्या कारखान्यात चार सरकारमान्य खिळे झाले.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा निरोप आला. नमुना चांगला आहे, पण अचानक चांगला का झाला? कारण कळल्याशिवाय आमचा विश्वास बसणार नाही. आमचा माणूस स्वतः येऊन बघेल. म्हणजे नापास झालो तरी लाईन बंद, आणि पास कसे झालो ते सांगता आलं नाही तरी लाईन बंद. शिवाय पाहुण्यांच्या हातातही चुंबक असणार. खिळे काढणं भाग होतं, पण एकही माणूस पक्कड हातात धरायला तयार होईना. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, म्हणाले. म्हणून मी आबांच्या घरी गेले.

आबा ओटीवर बसून कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी खिळ्यांचं काढलं तर त्यांनी मान हलवली. वास्तू बांधली की वर्षभर सोडता येत नाही, अशी रीत. मी त्यांना शास्त्र सांगितलं, त्यांनी मला परंपरा सांगितली, दोघंही एकमेकांचं मन लावून ऐकत होतो आणि कोणी तसूभर हलत नव्हतं. मग सुलभाने आत बोलावलं. ती घावन घालत होती. पहिलं घावन माझ्या ताटात पडलं, जाळीदार, तोंडात विरघळणारं. मी कौतुक केलं. ती म्हणाली, कालथा परत मिळाला म्हणून बरं बाई, नाहीतर इतके दिवस चमच्याने घावन उलटताना फाटत होतं. हरवला होता का, असं मी सहज विचारलं. ओटीवरून आबाच बोलले, “तुमच्या कारखान्यात होता तो. भट्टीच्या माथ्यावर. मी गेलो हुतो ना गाऱ्हान्याला, तवा दिसला. घरची वस्तू, म्हून उचलून आनली.”

मी ताट बाजूला सारलं. पर्समधून चुंबक काढून मी कालथ्याला लावला, तो टणकन चिकटला. कालथ्याचा काठ झिजून सुरीसारखा पातळ झाला होता. ते झिजलेलं लोखंड कुठे गेलं हे मला ठाऊक होतं.

भट्टीतून निघालेल्या ताटांत पूड कोपऱ्यांना घट्ट धरते. ती सोडवायला आम्ही प्लास्टिकच्या पट्ट्या दिल्या होत्या, त्या गरम ताटावर लोळागोळा व्हायच्या. दत्तारामने भट्टी बसवली जात होती तेव्हाच, दारावरची तपासणी सुरू व्हायच्या आधी, घरून कालथा आणून ठेवला होता आणि रोज त्याच कालथ्याने ताटं खरवडत होता; आबांनी तो घरी नेल्यावर पुन्हा पट्ट्यांवर आला होता. हाच माणूस दुसऱ्याच्या शर्टाचं बटण संशयाने बघायचा. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी कालथा त्याच्यापुढे धरला. त्याला खरंच कळेना. तो म्हणाला, “बाई, तो कालथा हाय. लोखंड म्हंजे सळई, पत्रा, खिळे.” आणि मग मला त्याच्या तोंडावर ते कळताना दिसलं. मला त्याचा राग यायला हवा होता. मला त्याची इतकी दया आली की मीच पाणी मागितलं.

आता खरी पंचाईत. कारण सापडलं होतं. ते सांगितलं तर लाईन वाचत होती आणि फर्मानाप्रमाणे दत्ताराम जात होता. न सांगितलं तर लाईन जात होती आणि तिच्याबरोबर दत्ताराम जातच होता. मी त्याला म्हटलं, कालथा माझ्याकडे राहू दे, मी नाव न घेता सांगते की एक हत्यार सापडलं. त्याने कालथा माझ्या हातातून काढून घेतला. आबा ओटीवरून सगळं ऐकत होते.

पाहुणे आले. उंच, शांत, चष्मा लावलेले गृहस्थ. त्यांनी भट्टी पाहिली, भिंती पाहिल्या, कोपऱ्यातल्या पांढऱ्या टोपीवर बोट ठेवून विचारलं की हे काय. भोसले साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं की हे लोखंड दूर ठेवण्यासाठी बसवलेलं लोखंड आहे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि ते पुढे गेले. मग सगळे बैठकीच्या खोलीत जमलो. नमुना का सुधारला, त्यांनी विचारलं. भोसले साहेबांनी कँटीनच्या भाज्यांपासून सुरुवात केली.

तेवढ्यात दार लोटून दत्ताराम आत आला. त्याने पिशवीतून कालथा काढून टेबलावर ठेवला, पाहुण्यांच्या चहाच्या कपाशेजारी. “बाई, तेंना सांगा, हा माझ्या घरचा. मीच आनलेला. मला काढा, लाईन बंद करू नका.” मी तसंच्या तसं सांगितलं.

पाहुण्यांनी माझा चुंबक मागून घेतला, कालथ्याला लावून पाहिला, काठावरून बोट फिरवलं. पट्ट्यांचं काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. कारण त्यांना पटलं होतं. भोसले साहेबांना मात्र आता नियम पाळणं भाग होतं. ते घसा खाकरून म्हणाले, दत्ताराम, माणूस म्हणून मला वाईट वाटतं, पण फर्मान म्हणजे फर्मान. मी तेही इंग्रजीत सांगितलं, आणि साहेबांनी पाहुण्यांकडून चुंबक परत घ्यायला हात पुढे केला. चुंबक खाडकन त्यांच्या बोटाला जाऊन बसला.

त्यांची चांदीची अंगठी. ती चांदीची नव्हती. वर चांदीचा मुलामा आणि आत घोड्याच्या नालेचं लोखंड. साहेबांच्या गाडीला आणि हाताला माझी तपासणी कधीच लागू नव्हती. ते लाल होऊन म्हणाले, “साडेसाती चालू आहे ओ माझी. आईनं घातलीय.” पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. साडेसातीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला ना कॉलेजात कोणी शिकवलं होतं ना कारखान्यात. मी म्हटलं, यांच्या मागे एक ग्रह लागलेला आहे, साडेसात वर्षं राहतो, आणि तो लोखंडाला भितो. पाहुण्यांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. माल जहाजावर चढायच्या आत तो जाईल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पण अंगठी आज जाईल. मग ते भोसले साहेबांना हळू आवाजात म्हणाले की नियमाप्रमाणे तुम्ही दोघे गेलात तर भट्टी कोण चालवणार? साहेबांनी अंगठी काढायला घेतली. ती निघेना. शेवटी साबण लावून मी ओढली. नियम तिथल्या तिथे बदलला: लोखंड बाहेर जाईल, माणूस आत राहील. पट्ट्यांच्या जागी कालथ्याच्याच आकाराची चिनीमातीची हत्यारं मागवायचं ठरलं, आणि लाईन मंजूर झाली.

ही बातमी आबांना सांगायला दत्ताराम आणि मी दाराकडे निघालो, कारण वॉचमन म्हणाला की म्हातारा सकाळपासून बाहेर बसलाय. कोयत्यांच्या ढिगाशेजारी आबा उकिडवे बसले होते. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नवी टोपी, जवळ कापडी पिशवी. पिशवीत दोन धोतरं, देव्हाऱ्यातला एक टाक आणि वाटेसाठी भाकरी. दत्तारामने विचारलं, आबा, हे काय. आबांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, “तुला काढनार, म्हंजे मुंबयला जानार. ह्या टायमाला मी पन येनार. येकटा ऱ्हानार नाय.” जन्मात चिपळूणच्या पुढे न गेलेला माणूस.

दत्ताराम त्यांच्यापुढे बसला. मीच सांगितलं की आबा, कोणी कुठे जात नाही, नोकरी राहिली, लाईन राहिली. मला वाटलं ते हात जोडतील, देवाचं नाव घेतील. ते कपाळाला आठ्या घालून विचारात पडले आणि माझ्यावरच चिडले. “मंग हे सकाळी सांगायचा नाय? कोंबड्या समद्या शेजाऱ्याला देऊन आलोय. आता परत कोन मागनार?”

दत्ताराम हसत होता आणि डोळे पुसत होता. माझंही तेच चाललं होतं. तो बापाची पिशवी खांद्याला लावून घराकडे निघाला, आणि मी वॉचमनच्या खुर्चीत बसून मनसोक्त रडून घेतलं.

कोंबड्या संध्याकाळी परत मिळाल्या. कोंबडा मिळाला नाही. तो शेजाऱ्याने दुपारीच कापून खाल्ला होता, आबांना मुंबईची वाट सुखाची जावो म्हणून.